तक्रार आली तरच दार वाजवायचं?

वादाला तोंड फोडलं दिन्यानं. म्हणाला, "कुणाची तरी लेखी तक्रार असल्याशिवाय महापालिकेच्या माणसानं कुणाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, एवढा एक नियम करा. निम्मा त्रास तिथंच संपतो."

"आणि उरलेला निम्मा?" ज्योतीनं विचारलं.

"तो तक्रार करणाऱ्यांचा. त्यांचं काय करायचं ते तू सांग, तू वकील आहेस."

दिन्या धंदेवाला माणूस. परवाने, नूतनीकरणं, ना-हरकत दाखले यांच्या फाइली सांभाळण्यात त्याचा बराच वेळ जातो, त्यामुळे तो बोलतो ते हवेतलं नसतं. ज्योती भाडेकरूंच्या आणि इमारतींच्या केसेस चालवते. नाना इमारत तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेत. हा वाद मी लिहून काढतोय त्याला कारण आहे. शहराचे नियम कोण मोडतं यावर आपण तासन् तास बोलतो. पण ते नियम कुणाच्या दारात, कधी आणि कशावरून बजावले जातात, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. माझ्या मते सगळं तिथंच ठरतं.

नाना म्हणाले, "खात्याला एखाद्या जागेत काय चाललंय हे कळायच्या वाटा तीनच. एक, मालक स्वतः येतो. नकाशा मंजूर करून घ्यायला, भोगवटा प्रमाणपत्राला, धंद्याच्या परवान्याला. दोन, कुणीतरी तक्रार करतं. तीन, आम्ही ठरलेल्या काळानं आपणहून फेरी मारतो. पहिली वाट जागा सुरू होईपर्यंतच कामाची. पुढे मालकानं पोटमाळा टाकला, गोदामात माणसं राहायला ठेवली, जिन्यात सामान रचलं, तरी कागदावर ती जागा पहिल्या दिवशी होती तशीच राहते. मग उरल्या दोन वाटा, आणि त्यातली एक तू बंद करायला निघालायस."

"बंदच करा," दिन्या म्हणाला. "आपणहून येणारा माणूस कशासाठी आलाय हे त्याचं त्यालाच ठाऊक. तक्रार असली तर निदान कागद असतो. अमुक तारीख, अमुक गोष्ट. तेवढंच बघा आणि जा. नाहीतर येतो जिना बघायला आणि लिहून जातो पाटीची लांबी-रुंदी. नियम इतके करून ठेवलेत की कुठल्याही जागेत, कुठल्याही दिवशी काही ना काही सापडतंच. मग काय सापडवायचं आणि काय सोडायचं हे त्याच्या हातात. आणि ज्याच्या हातात ते असतं, त्याच्यापुढं मी हात जोडून उभा."

यातलं शेवटचं वाक्य मला खोडता येईना. अजूनही येत नाही.

ज्योती म्हणाली, "तुझी ही बाजू अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये बरीचशी उचलून धरलीय. सॅन फ्रान्सिस्कोत एक भाडेकरू इमारतीच्या तळमजल्यावर राहत होता आणि भोगवटा परवान्यात तो तळमजला राहण्यासाठी नव्हता. शहराचा इन्स्पेक्टर नेहमीच्या तपासणीला आला. भाडेकरू म्हणाला, वॉरंट दाखव, मग आत ये. आत घेतलं नाही म्हणून त्याच्यावरच खटला भरला. न्यायालय म्हणालं, भाडेकरूचं बरोबर आहे, संमती नसेल तर वॉरंट लागेल. त्याच दिवशी सिएटलच्या एका गोदामाच्या प्रकरणातही तोच निकाल दिला, म्हणजे घरालाही तेच आणि धंद्याच्या जागेलाही तेच."

"मग झालं तर!"

"थांब, पुढचं ऐक. वॉरंट मिळवायला त्या विशिष्ट घरात काहीतरी बेकायदा चाललंय असा संशय दाखवायची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. इमारत कुठल्या प्रकारची, त्या भागाची अवस्था कशी, शेवटच्या तपासणीला किती काळ लोटला, एवढं पुरतं. म्हणजे इन्स्पेक्टरनं दाराशी थांबावं, पण तक्रारीची वाट बघत बसू नये."

हा निकाल मला अत्यंत शहाणा वाटतो. अधिकाऱ्याच्या मर्जीला लगाम हवा, ही दिन्याची मागणी त्यात पूर्ण होते. पण तो लगाम शेजाऱ्याच्या हातात न देता आधी जाहीर केलेल्या निकषांच्या हातात दिलाय. दिन्याला मी तेच म्हणालो, की तुला लहर नकोय, आणि तक्रार हीसुद्धा लहरच असते, फक्त दुसऱ्या कुणाची तरी.

नानांनी मान हलवली. "तक्रारवहीत काय असतं माहितीय का? कुंपण माझ्या हद्दीत आलं. गाडी दारापुढं लावतात. वरून पाणी गळतं. रात्री आवाज करतात. त्यातल्या कित्येक तक्रारींची मुळं इमारतीत नसतातच. ती भाऊबंदकीत असतात, सोसायटीच्या निवडणुकीत असतात, धंद्यातल्या चढाओढीत असतात. आम्ही तक्रार आली म्हणून जायचो, मोजमाप घ्यायचो, आणि भांडणातल्या एका पार्टीचं काम करून यायचो. खोटी तक्रार नसायची बरं का. चार इंच कुंपण खरंच पुढं असायचं."

"आणि धोक्याच्या तक्रारी?"

"धोका ज्याला दिसतो त्याचा त्यात फायदा असतो. आणि ज्याच्या जिवावर बेततं त्याला तो दिसत नाही. हॉलमध्ये मी शिरलो की आधी मालकाच्या टेबलाकडे जात नसे, मागच्या दाराकडे जायचो. दारापुढची फरशी बघायची. धुळीत चौकोनी खुणा दिसल्या की समजायचं, इथं एरवी खोकी असतात, आपण येणार म्हणून आत्ता हलवलीत. मग कडी बघायची. वर एक, खाली एक, मध्ये कुलूप. किल्ली कुणाकडे विचारलं की तिघंजण एकमेकांकडे बघतात. मग दार ढकलायचं, एका हातानं, जोर न लावता. ते उघडलं पाहिजे, आणि बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. आतून गर्दी रेटत आली की आत उघडणारं दार उघडतच नाही. उघडलं की बाहेर पाऊल टाकून बघायचं, पुढं वाट आहे की भिंत. दोन मिनिटांचं काम. पण या दाराची तक्रार घेऊन आलेलं एकही माणूस मला आठवत नाही."

1911 मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्याला लागलेल्या आगीत 146 कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या. तिथंही जिन्याचं एक दार कुलूपबंद होतं. कामगारांनी चोरी करू नये म्हणून ते बंद ठेवायचे, असं सांगितलं गेलं. आत काम करणाऱ्या मुलींना ते रोज दिसत होतं. पण तक्रार करायची म्हणजे मालकाविरुद्ध जायचं आणि काम घालवायचं.

ज्योतीनं इथं जे सांगितलं, त्यावरून माझं मत पक्कं झालं. न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टर नावाचं शहर आहे. तिथं जुनी घरं खूप, आणि अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली 1978 मध्ये. त्याआधीच्या घरांच्या खिडक्यांवर तोच रंग. खिडकी वरखाली झाली की त्याची धूळ चौकटीत साठते, तिथून जमिनीवर येते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि तोंडात जाते. शिशानं मेंदूवर होणारा परिणाम परत भरून निघत नाही. पूर्वी बहुतेक वेळा घराची तपासणी व्हायची ती मुलाच्या रक्तात शिसं सापडल्यावर.

"म्हणजे नियम मोडलाय हे शोधायचं यंत्र म्हणजे ते मूल," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "कुणी तक्रार करायची होती? आईनं? तिला धूळ दिसत नाही. दिसली तरी तक्रार केली की पुढच्या महिन्यात मालक घर खाली करायला सांगणार. शेवटी 2005 मध्ये शहरानं नियम केला आणि पुढच्या वर्षीपासून भाड्याच्या जुन्या घरांच्या ठरावीक तपासणीतच शिशाची तपासणी घातली. तक्रार असो नसो. तुझा नियम लावला असता, दिन्या, तर ती तपासणीच बेकायदा ठरली असती."

दिन्या थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भाड्याच्या घरांचं मान्य. लहान पोरांचं मान्य. पण तू अपवाद सांगतेयस."

"अपवाद? कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचं घे. गोदाम म्हणून नोंदलेली इमारत. आत माणसं राहायची, कार्यक्रम व्हायचे, या दोन्हीची परवानगी नव्हती. इथं तर तक्रारही आली होती, कचरा पडतो आणि आत बेकायदा बांधकाम केलंय अशी. नोव्हेंबर 2016 मध्ये इन्स्पेक्टर गेला, त्याला आत जाता आलं नाही, तो परत आला. 2 डिसेंबरच्या रात्री आत कार्यक्रम चालू असताना आग लागली. 36 जण मेले. आता सांग, तक्रारीनं काय केलं? तक्रार आली की ती रांगेत लागते, कुंपणाच्या आणि पार्किंगच्या तक्रारींच्या मागे."

खरी मेख या रांगेत आहे. तक्रारी आल्या त्या क्रमानं निपटायच्या ठरवल्या तर शहराच्या तपासणीचा नकाशा धोक्याचा राहत नाही. तो तक्रार करायला वेळ, हिंमत आणि ओळखी असलेल्यांचा नकाशा होतो. जिथं लोक नियम जाणतात, अर्ज लिहितात, फोनवर पाठपुरावा करतात, तिथं इन्स्पेक्टर वारंवार जातो आणि किरकोळ गोष्टी सापडवतो. जिथं लोक घर जाईल म्हणून तोंड शिवून बसतात, तिथं तो फिरकत नाही. कागदावर मात्र दोन्हीकडे एकच कायदा.

पण दिन्याची बाजू अजून संपली नव्हती, आणि त्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा आत्ता आला.

"तुम्ही आगी आणि मेलेली माणसं सांगता, मी गवत सांगतो. फ्लोरिडात डनीडन नावाचं गाव आहे. तिथं एका घरापुढचं गवत नियमापेक्षा उंच वाढलं, मालक परगावी. दंड दिवसाला 500 डॉलर. दिवसाला! तो परत येईपर्यंत आकडा चढत गेला आणि जवळजवळ 30 हजार डॉलरवर पोचला. भरता येईना तेव्हा शहर घर जप्त करून वसुली करायला निघालं. ही तुमची धोक्यानुसार तपासणी? गवतानं कोण मेलं? आणि मिसुरी राज्यातलं फर्ग्युसन शहर? तिथला अहवाल अमेरिकेच्या न्याय खात्यानंच 2015 मध्ये दिलाय. शहर दंडाकडे उत्पन्न म्हणून बघत होतं, तिजोरी भरण्यासाठी पोलिसांवर आणि न्यायालयावर दबाव टाकत होतं. गवत वाढलं, दंड. भरला नाही, न्यायालयात या. आला नाहीत, अटकेचं वॉरंट. ज्याच्याकडे पैसे त्यानं पहिल्याच दिवशी भरून टाकले. नसलेल्याचं गवत तुरुंगापर्यंत गेलं."

"बरोबर आहे," नाना म्हणाले.

आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघायला लागलो.

"बरोबरच आहे त्याचं. दंडाचं उद्दिष्ट बजेटमध्ये लिहिलं की खातं संपलं. मग माणूस जिथं दंड लगेच मिळतो तिथं जातो. भांडणारा मालक, कोर्टात जाणारा बिल्डर, त्याच्या वाटेला कोण जाणार? गवत सोपं. पाटी सोपी. दाराबाहेर ठेवलेली कुंडी सोपी."

दंड हवा, पण दुरुस्ती झाली की थांबणारा हवा, असं माझं मत आहे आणि मी ते बोलून दाखवलं. आधी सांगायचं, मग मुदत द्यायची, मग दंड, मग परवाना रद्द, आणि अगदी शेवटी सील किंवा पाडकाम. जीव धोक्यात असेल तर मधल्या पायऱ्या गाळून थेट सील. पण प्रत्येक पायरीवर पुढच्या माणसाला काय केलं की सुटका होईल हे कळलं पाहिजे. ते कळत नसेल तर तो दंड वसुलीचाच झाला.

"कळत नाहीच," ज्योती म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्या नोटिसा बघ. 'आपण अमुक कलमाचा भंग केला असल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत पूर्ववत करावे, अन्यथा आपल्या खर्चाने कारवाई करण्यात येईल.' खाली सही, ती वाचता येत नाही. काय निदर्शनास आलं? कुठल्या मजल्यावर? पूर्ववत म्हणजे कशासारखं, कुठल्या साली मंजूर झालेल्या नकाशासारखं? म्हणणं कुणापुढं मांडायचं? माणूस घाबरतो, आणि मग दोनपैकी एक करतो. कुणालातरी भेटायला जातो, नाहीतर नोटीस कपाटात टाकतो. इंग्लंडमध्ये बेकायदा बांधकामाच्या नोटिशीत तीन गोष्टी असाव्याच लागतात. भंग कोणता, तो दूर करायला काय काय करायचं, आणि किती मुदतीत. नोटीस लागू व्हायच्या तारखेआधी अपील केलं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती थांबते."

"आपल्याकडे अपीलाआधी बुलडोझर," दिन्या म्हणाला.

"त्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 13 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिलाय. पाडकामाआधी किमान 15 दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि बांधकामावरही चिकटवायची. मालकाचं म्हणणं ऐकायचं. आदेशात पाडण्याशिवाय दुसरा इलाज का नाही हे लिहायचं. आदेशानंतर पुन्हा 15 दिवस. पाडकामाचं चित्रीकरण करायचं. हे मोडलं तर भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला हे संरक्षण नाही, आणि कोर्टानंच पाडायचा आदेश दिलेला असेल तर तिथंही नाही."

मला यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ वाटते ती दुसरा इलाज का नाही हे लिहायला लावणारी. ती अधिकाऱ्याला विचार करायला भाग पाडते. बांधकामाचा नेमका बेकायदा तेवढाच भाग काढता येईल का, दंड घेऊन नियमित करता येईल का, हे त्याला आधी तपासावं लागतं आणि सहीनिशी लिहावं लागतं.

मग बोलणं झोनिंगवर गेलं. दिन्याचं म्हणणं, इमारत पडू नये, आग लागू नये हे ठीक, पण अमुक गल्लीत राहायचंच आणि तमुक गल्लीत दुकानंच, हे ठरवणारं शहर कोण? न्यूयॉर्कनं 1916 मध्ये शहरभराचा झोनिंग नियम केला तो उंच इमारतींनी रस्त्यांवरचा उजेड खाल्ला म्हणून. 1926 मध्ये युक्लिड नावाच्या गावाच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं असे नियम वैध ठरवले आणि ही पद्धत अमेरिकाभर पसरली. ह्यूस्टननं मात्र तसलं झोनिंग केलंच नाही, तरी तिथंही खरेदीखतातल्या खाजगी अटी आहेत आणि शहराचे वकील त्या बजावायला कोर्टात जातात. यावर आमचं फार भांडण झालं नाही, कारण घरात बसून शिवणकाम करणाऱ्या बाईला वापरबदलाची नोटीस देणं मूर्खपणाचं आहे, हे चौघांनाही मान्य होतं.

भांडण झालं ते नाना एका वाक्यात बोलले त्यावर. "वापरबदल हा कागदाचा गुन्हा वाटतो, पण वजन कागदावर पडत नाही."

त्यांनी सोलमधल्या साम्पूंग इमारतीचं सांगितलं. मुळात चार मजल्यांची राहण्याची इमारत म्हणून आखलेली. मधेच मालकानं ठरवलं, इथं मोठं दुकान काढायचं. सरकत्या जिन्यांना जागा हवी म्हणून खांब छाटले. वर पाचवा मजला चढवला. वातानुकूलनाची अवजड यंत्रं छतावर. या बदलांना सह्या मिळत गेल्या आणि त्या सह्यांसाठी अधिकाऱ्यांनी पैसे घेतले होते, हे नंतर सिद्ध होऊन त्यांना शिक्षा झाल्या. 29 जून 1995 ला दिवसा तडे वाढत गेले, संध्याकाळी गर्दी असताना इमारत कोसळली. 502 माणसं मेली.

"ढाक्याजवळ राणा प्लाझाचं तेच," नाना म्हणाले. "दुकानं आणि ऑफिसं यांच्यासाठी बांधलेल्या इमारतीत शिवणयंत्रं आणि जनरेटर. वरचे मजले विनापरवाना. आदल्या दिवशी तडे दिसले होते. 2013 मध्ये 1,134 जीव गेले. राहायला म्हणून मंजूर झालेल्या जागेत काय ठेवलंय, हे शेजाऱ्याला काय कळणार? त्याला दुकान झालं म्हणून आनंदच."

दिन्या म्हणाला, "साम्पूंगमध्ये तपासणारा होता की. त्यानं पैसे खाल्ले. तुमच्या जास्त तपासण्या म्हणजे पैसे खायच्या जास्त जागा."

यावर नानांना लगेच उत्तर सुचलं नाही. ज्योती म्हणाली, "म्हणून तपासणीचा अहवाल सगळ्यांना दिसला पाहिजे." पण ते अर्धंच उत्तर होतं आणि तिलाही ते माहीत होतं. खोटा अहवालही दिसतोच.

मी मग माणसांचा प्रश्न काढला. कुठल्याच शहराकडे प्रत्येक जिना मोजायला पुरेसे इन्स्पेक्टर नाहीत. साधारण 2010 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका घरात बेकायदा खोल्या पाडून गर्दी कोंबल्याच्या वर्षाला सुमारे 25 हजार तक्रारी यायच्या आणि तपासायला होती सुमारे 200 माणसं. महापौर कार्यालयातल्या एका छोट्या पथकानं तक्रारींचा क्रमच बदलला. मालमत्ता कर थकलाय का, कर्जापायी जप्तीची कारवाई चालू आहे का, इमारत किती जुनी, असं बघून आधी कुठं जायचं हे ठरवलं. त्यात एक गोष्ट मला फार आवडते. बाहेरच्या विटांचं काम करायला ज्या मालकानं परवानगी घेतली असेल, त्याच्या इमारतीत आगीचा मोठा धोका कमी आढळायचा. जो दर्शनी भिंत दुरुस्त करतो तो आतलंही बघतो. पूर्वी शंभर तपासण्यांत तेराच्या आसपास ठिकाणी जागा तातडीनं रिकामी करायचा आदेश निघायचा. नव्या क्रमानं गेल्यावर तो आकडा सत्तरच्या वर गेला. माणसं तीच, तक्रारीही तशाच, फक्त आधी कुणाचं दार वाजवायचं ते बदललं.

मला वाटलं होतं, यावर ज्योती खूश होईल. तीच उसळली.

"जागा रिकामी करायचा आदेश निघाला म्हणजे काय झालं? रात्री त्या खोल्यांतून कोण बाहेर पडलं? मालक नाही. तो दुसरीकडे राहतो. भाडेकरू बाहेर, पोराबाळांसकट. तुझा आकडा तेरावरून सत्तरावर गेला म्हणजे कितीजण रस्त्यावर आले ते मोज. आणि कर थकलेल्या घरांकडे आधी जायचं म्हणजे गरिबांच्या वस्तीकडे आधी जायचं. धोका तिथं आहे हे मला मान्य. पण तिथल्या माणसाला इन्स्पेक्टर म्हणजे घर जाणार, एवढंच कळत असेल तर पुढच्या वेळी तो दार उघडणार नाही, शेजाऱ्यालाही उघडू देणार नाही."

हे मी पुरतं विचारात घेतलं नव्हतं, आणि त्याशिवाय माझा मुद्दा लंगडा आहे. धोक्याच्या क्रमानं जायचं असेल तर बाहेर काढलेल्यांच्या राहण्याची सोय त्याच आदेशात हवी आणि तिचा खर्च मालकाकडून वसूल व्हायला हवा, मालमत्तेवर बोजा चढवून. गवतासाठी बोजा चढवता येतो, तर यासाठी नक्कीच चढवता येईल.

नानांनी विषय मुदतीकडे नेला. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात एका शेतकऱ्यानं गवताच्या गंज्यांआड परवानगीशिवाय गढीसारखं घर बांधलं, कुटुंबासह तिथं राहिला, आणि चार वर्षं झाल्यावर 2006 मध्ये गंज्या हटवल्या. तेव्हा नियम असा होता की बांधकाम पुरं होऊन चार वर्षं शहरानं काही केलं नाही तर पुढे कारवाई करता येत नाही. न्यायालयानं त्याचं म्हणणं फेटाळलं, गंज्या हा बांधकामाचाच भाग होता, त्या हटवेपर्यंत काम पुरं झालं नव्हतं, असं धरून. शेवटी त्याला ते घर पाडावं लागलं. पुढे लपवाछपवीसाठी वेगळी तरतूद झाली आणि 25 एप्रिल 2024 पासून चारऐवजी दहा वर्षांची मुदत आली.

दिन्याला मुदत असणं योग्य वाटतं. पंधरा वर्षांनी येऊन बाल्कनी काढ म्हणणं अन्याय आहे, म्हणाला, तोवर घर दोनदा विकलं गेलेलं असतं. ज्योतीचं उलट, मुदत म्हणजे लपवायला बक्षीस. माझं मत दोघांच्या मधलं नाही, वेगळं आहे. बाल्कनीला, कुंपणाला, गढीच्या दर्शनी भागाला मुदत असावी. जिन्याला, बंद दाराला, छाटलेल्या खांबाला नसावी. दहा वर्षं न कोसळलेला खांब अकराव्या वर्षी बळकट होत नाही. सरसकट दंड भरून नियमित करायच्या योजना निघतात, तेव्हा हा फरक केलेला मला क्वचित दिसतो. चौरस मीटरला इतका दर, भरला की झालं, आणि जिना तेवढाच अरुंद राहतो.

शेवटी दिन्याच म्हणाला, "बरं, या तुम्ही आपणहून. पण माझ्या अटी. कुठल्या प्रकारच्या जागा किती वर्षांनी तपासणार हे आधी छापा. काय काय बघणार त्याची यादी आधी द्या, त्याबाहेरचं लिहायचं नाही, जिवाचा धोका सोडून. इन्स्पेक्टरचं नाव आणि अहवाल त्याच दिवशी माझ्या हातात."

"आणि दारावर लावायचा," ज्योती म्हणाली. लॉस एंजेलिस परगण्यात 1998 पासून खाण्याच्या जागांना तपासणीचे गुण अक्षरात देऊन ते दारात लावायला सांगतात. तसं हॉलना, वसतिगृहांना, भाड्याच्या इमारतींनाही करा, असं तिचं म्हणणं.

"लावतो. पण खराब शेरा मिळाला आणि मी आठ दिवसांत सगळं दुरुस्त केलं, तर तो शेरा कोण काढणार? फेरतपासणीला माणूस कधी येणार? परवान्याच्या वेळी त्रुटी सांगायला चौघं येतात, पुरी केली म्हणून बघायला महिनोन् महिने कुणी येत नाही."

नाना म्हणाले, "ते खरं आहे. नवी केस उघडली की महिन्याच्या तक्त्यात आकडा दिसतो. जुनी बंद केली तर तक्त्यात तिला रकानाच नसतो. मी साहेबांना दोनदा लिहून दिलं होतं, रकाना टाका म्हणून."

"टाकला?"

"नाही."

"मग माझी पहिली अट ती," दिन्या म्हणाला. "आधी तो रकाना. किती नोटिसा काढल्या ते नको, किती दारं उघडी झाली ते लिहा. ते छापा दर महिन्याला, मग या माझ्या मागच्या दारापाशी."